लेखिकेकडे ओळखपत्र मागणाऱ्यांना

रानवारा : काल दुसऱ्या चर्चेत एकानं लिहिलं, 'बेकी अल्बर्टालीनं गे मुलाच्या गोष्टीवर नाव आणि पैसा कमावला आणि टीका वाढल्यावर सोयीनं बायसेक्शुअल झाली.' ही किशोरांसाठी लिहिणारी अमेरिकन कादंबरीकार. ते 'सोयीनं' डोक्यात गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

बाई आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. 2015 मध्ये सायमन नावाच्या गे मुलावरची तिची पहिली कादंबरी आली, 2018 मध्ये त्या कादंबरीवर 'लव्ह, सायमन' हा सिनेमा निघाला. नवरा-मुलं आहेत म्हणजे ही स्ट्रेटच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं आणि वर्षानुवर्षं तिला झोडपलं. ऑगस्ट 2020 मध्ये तिनं लेख लिहून सांगितलं की मी बायसेक्शुअल आहे. हे सांगून मोकळं वाटत नाहीये, सुरक्षितही वाटत नाहीये, हेही त्यातच लिहिलं. यात सोय कुठे दिसली?

कादंबरीत सायमन शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर आपला खासगी मेल उघडा ठेवतो, शाळेतलाच मार्टिन त्याचे स्क्रीनशॉट काढतो आणि धमकावतो. पुढे सायमन गे आहे हे सायमनच्या आधी तोच सगळ्या शाळेला सांगून टाकतो. ते वाचताना मार्टिनचा राग येणाऱ्यांनीच लेखिकेला कोपऱ्यात गाठलं.

तिसरी_घंटा : ते 'एकानं' म्हणजे मी. नाव घेऊन बोला की. अॅलेक्स सँचेझ 2001 पासून, डेव्हिड लेव्हिथन 2003 पासून गे मुलांवर लिहितायत. मोठ्या स्टुडिओचा सिनेमा मात्र कुणाच्या पुस्तकावर निघाला? सगळे जिला स्ट्रेट समजत होते तिच्या. ज्यांनी हे आयुष्य काढलं त्यांना संधी कमी मिळाली, हा राग खोटा नाही.

रानवारा : राग खरा, पत्ता चुकला. संधी प्रकाशक आणि स्टुडिओ देतात. आणि त्या सिनेमाचा दिग्दर्शक ग्रेग बर्लांटी स्वतः गे आहे, ते सोयीस्कर विसरलात.

शाईचा_डाग : मूळ दुखणं वेगळंच आहे. हल्लीची ही सगळी पुस्तकं गोडगोड. ईमेल, प्रेम, टाळ्या. खऱ्या आयुष्यात आईबाप घराबाहेर काढतात, त्यावर कोण लिहिणार?

मैत्रेयी_क : शाईचा_डाग, दुःखाचीच पुस्तकं हवीत तर जुनी काढा. 1969 ची जॉन डोनोव्हनची कादंबरी घ्या. दोन मुलं जवळ येतात, पुढे नायकाचा कुत्रा गाडीखाली मरतो आणि त्याला वाटतं ही आपल्यालाच झालेली शिक्षा. 1982 मध्ये नॅन्सी गार्डननं दोन मुलींना शेवटी एकत्र आणलं, तर 1993 मध्ये कॅन्सस सिटीत ते पुस्तक जाळलं! कॅन्ससमधल्या ओलेथा गावच्या शाळांनी कपाटातून काढलं, ते परत ठेवायला 1995 मध्ये फेडरल कोर्टाला सांगावं लागलं. गोड शेवट फुकट मिळालेला नाही.

शाईचा_डाग : इतिहास नको शिकवू. मला वयाच्या सतराव्या वर्षी घर सोडावं लागलंय. टाळ्यांचा शेवट वाचला की मला खोटं पडल्यासारखं वाटतं.

मैत्रेयी_क : आणि माझी वही होस्टेलच्या मेसमध्ये मोठ्यानं वाचली गेली. जिच्याबद्दल लिहिलं होतं ती समोरच्या टेबलावर होती. ताट तसंच ठेवून उठून गेली, पुन्हा बोलली नाही. त्या वर्षी मला मरणारी नायिका नको होती, जगणारी हवी होती. तुझा राग मला कळतो. पण ज्या मुलीला आज आधार हवाय तिच्या हातून पुस्तक काढून घेऊ नकोस.

शाईचा_डाग : काढून घेत नाहीये. दोन्ही असू देत. पण माझ्यासारख्यांचंही कुणीतरी लिहा.

तिसरी_घंटा : मुद्द्यावर या. 'ओन व्हॉइसेस', म्हणजे ज्याचं जगणं त्यानंच लिहिलेली पुस्तकं पुढे आणायची, या मोहिमेमागे विचार होता. अनुभवाला किंमत नाही का?

रानवारा : आहे. 2015 मध्ये कोरीन डायव्हिसनं तो हॅशटॅग सुरू केला तो वाचकांना अशी पुस्तकं सापडावीत म्हणून. पुढे लोक त्याच्या आधारानं लेखकांची झडती घेऊ लागले. 'वुई नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेनं 2021 मध्ये तो शब्द वापरणं थांबवलं, कारण तो फार ढोबळ झाला होता आणि त्यापायी लेखक अडचणीत, असुरक्षित जागी ढकलले जात होते. सतरा वर्षांच्या नवोदितानं नाव लपवून लिहिलं तर त्यालाही विचारणार का, की तू नक्की कोण?

तिसरी_घंटा : ठीक आहे, कुणाला उघडं पाडू नये, एवढं मान्य. पैशाच्या वाटपाबद्दलचं मत कायम.

मैत्रेयी_क : मग अल्बर्टालीची 2023 ची 'इमोजेन, ऑब्व्हियसली' वाचा. स्वतःला स्ट्रेट समजणारी मुलगी, आणि कोण खरं क्वीअर (म्हणजे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल वगैरे) याचे निवाडे देणारी तिची मैत्रीण. लेखिकेनं हे सगळं भांडण त्यात मांडलंय.

तिसरी_घंटा : वाचतो. लायब्ररीतून आणून, विकत घेऊन नाही.