निकॉन डी ५६०० साठी सिग्मा की टॅमरॉन? १५०-६०० घ्यावी की १००-४०० वर थांबावे?

यावलचा मास्तर :

नमस्कार. मी यावल तालुक्यात शिक्षक आहे आणि गेली चार वर्षे निकॉन डी ५६०० वर पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. सध्या माझ्याकडे निकॉनचीच एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिमी (एफ ४.५-६.३, व्हीआर) ही लेन्स आहे; एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आत येतो आणि व्हीआर म्हणजे हाताची थरथर रोखणारी सोय. हिवाळ्यात मी हतनूर जलाशयावर जातो. तेथे चक्रवाक आणि थापट्या काठापासून इतके दूर बसतात की घरी येऊन चित्र कापले की हाती फक्त ठिपके उरतात. उरलेल्या सुट्ट्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या बाजूला भटकंती असते; तेथे पक्षी जवळ असतो, परंतु चालावे बरेच लागते. दोन्हीकडे जाणे मोटारसायकलनेच होते.

कंपनीच्या मोठ्या टेलिफोटो लेन्स माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत, त्यामुळे थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, लेन्स घेण्याचे ठरवले आहे. तीन नावे डोळ्यांसमोर आहेत : सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२ आणि सिग्मा १००-४०० कंटेम्पररी. पहिल्या दोन्ही सुमारे दोन किलोच्या आहेत, तिसरी ११६० ग्रॅमची. चाचण्यांचे आलेख मी पाहिले आहेत, परंतु त्यांतून आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत कोणती टिकेल ते कळत नाही. शिवाय ६०० मिमीवर एफ ६.३ म्हणजे पहाटेच्या उजेडात काम अडेल, असे एका दुकानदाराने ठामपणे सांगितले. ज्यांनी या लेन्स प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तापीकाठचा बगळा :

मास्तर, दुकानदाराच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत लवकर निकालात निघतो. आपली आत्ताची लेन्स ३०० मिमीवर एफ ६.३ च देते. म्हणजे आपण चार वर्षे ज्या उजेडात काम करत आहात, त्यात नव्या लेन्समुळे काहीही घट होणार नाही आणि ऑटोफोकसही आज जसा चालतो तसाच ६.३ वर चालेल. ज्याच्याकडे आधीपासून एफ ५.६ ची लेन्स आहे, त्याचेही नुकसान एक तृतीयांश स्टॉपचे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ, अर्थात सेन्सरची संवेदनशीलता, १६०० च्या जागी २००० एवढेच. मात्र यावर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारे जोडभिंग) लावण्याच्या फंदात पडू नये. अॅपर्चर एफ ९ वर जाते आणि आपल्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस तेथे हात टेकतो.

आता हतनूरचा हिशेब. प्रतिमेची सेन्सरवरील लांबी म्हणजे पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले अंतर. चक्रवाक सुमारे ६५ सेंमी लांब असतो. तो ८० मीटरवर बसला आहे असे धरले, तर ३०० मिमीवर त्याची प्रतिमा अडीच मिमीपेक्षाही किंचित कमी पडते, ४०० वर सव्वातीन मिमी आणि ६०० वर जवळजवळ पाच मिमी. डी ५६०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद असून त्या रुंदीत ६००० पिक्सेल आहेत. म्हणून पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत अनुक्रमे सुमारे ६२०, ८३० आणि १२४० पिक्सेलचा मिळेल. ६२० पिक्सेलमध्ये हा चक्रवाक आहे एवढे ओळखता येते. पिसांची घडी दिसायला १२०० लागतात. ४०० घेऊन आपण ठिपक्याचा मोठा ठिपका कराल, एवढेच. हतनूर हे मुख्य ठिकाण असेल तर १५०-६०० घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे सिग्माची कंटेम्पररी सहा हिवाळे आहे.

वजनाबद्दल एक सूचना. ही लेन्स आपल्या कॅमेऱ्याच्या चौपटीहून जड आहे, त्यामुळे पट्टा कॅमेऱ्याला न अडकवता लेन्सच्या कॉलरला (नळीभोवतीच्या, ट्रायपॉडला जोडायच्या कड्याला) अडकवावा आणि उचलतानाही लेन्सच उचलावी. काठावर मी ट्रायपॉड नेतच नाही. जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवलेली बीनबॅग बांधावर ठेवतो आणि तिच्यावर लेन्स टेकवतो. जमिनीलगतच्या कोनातून पाणपक्षी अधिक चांगले दिसतात, हा त्यातला वरचा फायदा.

पाटणादेवीची वाटसरू :

बगळादादांचा हिशेब बिनचूक आहे, परंतु तो बसून काढलेल्या चित्रांचा हिशेब आहे. मी चाळीसगावची, पाटणादेवीच्या जंगलात आणि वर्षातून एकदोनदा तोरणमाळला पायी फिरते. माझ्याकडे आधी टॅमरॉन १५०-६०० होती. ती मी विकली आणि सिग्मा १००-४०० घेतली, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. दोन किलोची लेन्स तिसऱ्या तासानंतर पिशवीतून बाहेरच येत नसे. नवरंग समोरच्या फांदीवर येऊन उडूनही जाई आणि मी अजून चेनच उघडत असे. जी लेन्स हातात आहे तिच्या ४०० मिमीपुढे पिशवीतल्या ६०० चा काय उपयोग?

जंगलात अंतरही कमी असते. रानपिंगळा साधारण २३ सेंमीचा. तो २५ मीटरवर असेल तर ४०० मिमीवर त्याची प्रतिमा पावणेचार मिमीच्या आसपास, म्हणजे सुमारे ९४० पिक्सेल, आणि तेवढे मला पुरते. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसला नव्हता आणि १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसा वावरतो आणि विरळ सागवानातल्या निष्पर्ण फांद्यांवर बसतो, त्यामुळे प्रकाशाची अडचण फारशी येत नाही. (त्याच्या घरट्याची जागा कृपया कोणीही येथे लिहू नये आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नये.) शिवाय १००-४०० ही १.६ मीटरपर्यंत फोकस करते, सिग्माची १५०-६०० मात्र २.८ मीटरवर अडते. पावसाळ्यात फुलपाखरे आणि सरडे टिपताना हा फरक जाणवतो.

दोष सांगायचे तर या लेन्सला ट्रायपॉड कॉलर नाही. टॅमरॉनच्या १००-४०० साठी ती वेगळी विकत मिळते, म्हणून आपण ते चौथे नावही यादीत घ्यावे. वजनाला ती सिग्मापेक्षा थोडी कमीच भरते.

धुळेकर नाना :

मास्तर, दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, परंतु आपल्या भागाची जी मुख्य अडचण आहे तिचा उल्लेख कोणीच केला नाही. ती म्हणजे हवेचा थरथराट. काळी जमीन तापली की तिच्यालगतची हवा उसळू लागते, प्रकाश वाकडातिकडा येतो आणि ८० मीटरवरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. जितकी फोकल लेंथ जास्त आणि अंतर जास्त, तितका हा दोष अधिक उघड होतो. मी पहिली १५०-६०० फेब्रुवारीत घेतली आणि नकाणे तलावावर सकाळी अकरा वाजता तपासली. एकही चित्र धड नव्हते. लेन्स सदोष आहे असे समजून मी दुकानदाराशी पंधरा दिवस वाद घातला, आणि मग एका पहाटे सात वाजता त्याच जागेवरून त्याच लेन्सने पाणकावळ्याच्या डोळ्यातला हिरवा रंगसुद्धा मिळाला. त्या दुकानदाराला मी नंतर भरीत-भाकरी खाऊ घातली, ते सोडा. तात्पर्य, उन्हाळ्यात आठ-साडेआठनंतर आणि हिवाळ्यात दहानंतर लांबचे चित्र घेऊ नये, आणि लेन्सची परीक्षा तर मुळीच घेऊ नये. हे काम कोणत्याही कंपनीची काच करू शकत नाही.

आता सिग्मा की टॅमरॉन. तीक्ष्णतेत या दोघींत इतका थोडा फरक आहे की एकाच नावाच्या दोन नगांत त्याहून अधिक फरक निघू शकतो. म्हणून आलेख बाजूला ठेवावेत. माझी निवड टॅमरॉन जी२ आहे, आणि तिचे कारण धूळ. या सर्व लेन्स झूम करताना लांब होतात, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढतात. आपल्याकडे मोटारसायकलवरून आलेल्या माणसाच्या भुवयांवर जेवढी माती असते, तेवढी लेन्सच्या नळीवरही असते. जी२ ला ओलाव्यापासून संरक्षण देणारी सीलबंदी अनेक सांध्यांवर आहे. सिग्मा कंटेम्पररीला ती केवळ माउंटपाशी, म्हणजे कॅमेऱ्याला जोडण्याच्या जागी, आहे. सिग्माची स्पोर्ट आवृत्ती पूर्ण सीलबंद आहे, परंतु २८६० ग्रॅमची लेन्स मोटारसायकलवर नेण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. जी२ चे झूम कोणत्याही फोकल लेंथवर अडकवता येते, त्यामुळे खाली तोंड करून चालताना नळी घसरत नाही. कॉलरचा पाय सरळ ट्रायपॉडवरच्या आर्का पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये बसतो. आणि ती २.२ मीटरपर्यंत फोकस करते. सिग्माच्या बाजूने सांगायचे तर ती किंचित हलकी आहे आणि तिची नळी पुढून धरून सरळ ओढता-ढकलता येते. उडता पक्षी आधी १५० वर शोधून झटकन ६०० वर जाताना हे सोयीचे पडते.

डी ५६०० असल्यामुळे आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. या कॅमेऱ्यात फोकसची सूक्ष्म जुळणी करण्याची सोय नाही. लेन्स पक्ष्याच्या थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल, तर ती चूक लेन्समध्येच दुरुस्त करावी लागते. त्यासाठी सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल ही लेन्स संगणकाला जोडण्याची साधने मिळतात. सिग्मात चार फोकल लेंथ आणि प्रत्येकीची चार अंतरे अशा सोळा नोंदी बदलता येतात. आधी तपासून पाहावे : पहाटे, बीनबॅगवर, २० मीटरवरच्या छापील पाटीचे एक चित्र व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, घ्यावे. लाइव्ह व्ह्यू सेन्सरवरूनच फोकस ठरवतो, त्यामुळे ते चित्र स्पष्ट आणि पहिले मऊ असेल तर जुळणीची गरज आहे. दोन्ही मऊ असतील तर मात्र नग बदलून मागावा. आणि पुढच्या काचेवर स्वस्तातला ९५ मिमीचा यूव्ही फिल्टर लावू नये. ६०० मिमीवर तो सगळी मेहनत मातीत घालतो. हूड पुरेसा आहे.

यावलचा मास्तर :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन वर्षांची माझी सारी चित्रे मी काल रात्री चाळली. ठेवण्यासारख्या दर दहा चित्रांमागे सात पाण्यावरची निघाली. म्हणजे मी स्वतःला जंगलात फिरणारा समजत असलो तरी प्रत्यक्षात बांधावर बसणारा आहे. ताई, म्हणून १००-४०० चा विचार तूर्त सोडतो. जंगलात जुनी ७०-३०० नेईन, ती ४१५ ग्रॅमचीच आहे. आता प्रश्न उरला तो सिग्मा की जी२ एवढाच. दोन शंका आहेत. पुढे कधी मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेतला तर ही लेन्स वाया जाईल का? आणि वापरलेली मिळाली तर घ्यावी का?

धुळेकर नाना :

वाया जाणार नाही. दोन्ही लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर आहे, त्यामुळे निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यावर एफटीझेड अॅडॅप्टर (जोडकडे) लावून त्या वापरता येतात. फक्त लेन्सचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत असल्याची खात्री करावी, आणि ते काम त्याच डॉकने किंवा कन्सोलने होते. तेथे फोकस सेन्सरवरच ठरत असल्यामुळे सूक्ष्म जुळणीची कटकटही संपते. टॅमरॉनने १५०-५०० ही लेन्स थेट झेड माउंटमध्ये २०२३ साली आणली आहे, परंतु तो पुढचा विचार पुढे.

वापरलेली घेताना मागून मोबाइलचा दिवा मारून पुढून पाहावे. धुळीचे चार कण असले तर घाबरू नये, चित्रात ते येत नाहीत; कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर मात्र हात लावू नये. झूमची कडी पूर्ण फिरवून पाहावी; मध्येच खरखर लागली तर आत माती गेली आहे. स्टॅबिलायझर चालू करून ६०० वर व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिरावते का तेही पाहावे. जी२ वर ही परीक्षा मोड एकवर घ्यावी, कारण मोड तीनमध्ये स्थिरता फक्त चित्र टिपतानाच मिळते आणि न समजणाऱ्याला तो बिघाड वाटतो. बिल भारतातल्या अधिकृत वितरकाचे आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारावे.

तापीकाठचा बगळा :

मास्तर, विकत घेण्याआधी एकदा हाताळून पाहा. नाना धुळ्याहून त्यांची जी२ घेऊन येणार असतील तर मी सिग्मा आणतो. दोन्हींचा माउंट निकॉनचाच आहे, तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून पाहू. येत्या रविवारी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी धरणाच्या बांधावर भेटू. बीनबॅग माझ्याकडे दोन आहेत.

धुळेकर नाना :

येतो. छापील पाटी मी आणतो, चहाचा थर्मास मास्तरांकडे.