मृतांचे अस्तित्वच नाकारणाऱ्या मामांना काय सांगावे?

पंचवटीकर (प्रश्न)

माझे मोठे मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून सेवानिवृत्त झाले. उभे आयुष्य नोटांच्या छपाईत गेल्यामुळे हातात आलेला कोणताही कागद आधी उजेडाकडे धरून पाहण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही, आणि शर्टाच्या खिशात एक लहान भिंग कायम असते. गेल्या महिन्यापासून ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओंची एक मालिका पाठवत आहेत. तिचा दावा असा की, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कमध्ये मेलेली म्हणून दाखवली जाणारी माणसे मुळात जन्मलीच नव्हती; दोन-तीन चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून ती तयार केली गेली.

मामांचे मुद्दे असे आहेत. फोटो धूसर आहेत आणि कानांच्या कडा जुळत नाहीत. कित्येक नावे अमेरिकेच्या मृत्युसूचीत सापडत नाहीत. मृतांचा आकडा सुरुवातीला सहा हजारांच्या वर होता, तो निम्म्यावर कसा आला. आणि ज्यांचे हाडही मिळाले नाही, ती माणसे होती कशावरून? इथवर मी ऐकून घेतले. पण गेल्या रविवारी जेवताना ते म्हणाले, “सीएसटीवरच्या हल्ल्यातल्या मृतांच्या यादीचेही तसेच असेल,” आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. मामांचा अपमान न करता त्यांना काय उत्तर द्यावे, हे कृपया सुचवावे.

जुना कारकून

जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात माझी बावीस वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या मामांना त्यांच्याच व्यवसायाने चकवले आहे. नोटेचा खरेपणा नोटेतच असतो. जलचिन्ह, धागा, उठावाची छपाई हे सारे त्या एका कागदावर तपासता येते, आणि म्हणून भिंग पुरते. माणूस होता की नव्हता, हे मात्र त्याच्या फोटोतून ठरत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, घरच्यांनी घाईत दिलेला, वर्तमानपत्रात छापून पुन्हा स्कॅन केलेला आणि व्हिडिओत ताणून मोठा केलेला फोटो कोणाचाही असला तरी धूसरच दिसणार. माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो मामांच्या भिंगाखाली धरला, तर तेही संगणकातून निघाले असे ठरेल.

माणूस गेल्यावर त्याची नोंद अनेक ठिकाणी होते, आणि ती ठिकाणे एकमेकांना विचारून नोंद करत नाहीत. घातपातातील मृत्यू असेल तर पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात, सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन होते, १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती एकवीस दिवसांत निबंधकाकडे यावी लागते, आणि मग दाखला हातात घेऊन घरची माणसे बँकेत, विमा कंपनीत, रेशन कार्डावरचे नाव कमी करण्यासाठी पुरवठा कार्यालयात आणि सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी तलाठ्याकडे फिरत राहतात. माझ्या खिडकीशी डोळे सुजलेली माणसे येत आणि पहिला प्रश्न विचारत, “साहेब, दहा प्रती मिळतील का?”, कारण प्रत्येक टेबलावर सही-शिक्क्याचीच प्रत मागतात. खोटा माणूस उभा करायचा म्हटले तर या सगळ्या टेबलांवरच्या कारकुनांना, शिवाय त्याच्या वर्गमित्रांना आणि घरमालकालाही कटात घ्यावे लागेल. आमच्या कार्यालयात दोन कारकुनांचे रजेच्या तारखांवर एकमत होत नसे.

आता उरलेले मुद्दे. अमेरिकेची ती सूची तेथील सामाजिक सुरक्षा खात्याला कळवलेल्या मृत्यूंची आहे. ज्याच्याकडे त्या खात्याचा क्रमांक नव्हता किंवा ज्याचा मृत्यू खात्याला कळवला गेला नाही, त्याचे नाव तिच्यात कसे येईल? आकडा उतरला तो पडताळणीमुळे. पहिल्या आठवड्यांत एकाच बेपत्ता माणसाची तक्रार बायकोने, भावाने आणि कार्यालयाने वेगवेगळी नोंदवली होती; दुबार नावे गाळत गाळत एकूण संख्या २,९७७ वर आली. कट रचणारा आकडा स्वतःहून निम्म्यावर आणील, असे मला तरी वाटत नाही. जुळे मनोरे ज्या जागी कोसळले, तेथील २,७५३ मृतांपैकी सुमारे ११०० जणांचे अवशेष आजही ओळखता आलेले नाहीत. परंतु शहराच्या वैद्यकीय तपासनीस कार्यालयात डीएनएची तपासणी अजून चालू आहे आणि २०२५ सालीदेखील तीन जणांची ओळख पटली. शिवाय भरपाईच्या सरकारी निधीतून केनेथ फाइनबर्ग यांच्या देखरेखीखाली २,८८० मृतांच्या कुटुंबांना पैसे देण्यात आले, आणि प्रत्येक दाव्यात पगार व वारस यांची कागदपत्रे तपासली गेली.

मोसम नदीकाठ

वरील उत्तर पटले, तरी एक सावधगिरी सुचवतो. मी मालेगावचा आहे. भिक्कू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा माणसे गेली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींना निर्दोष सोडले. पण त्याच निकालात मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश आहे. जखमींची संख्या १०१ ऐवजी ९५ धरावी, कारण काही वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. म्हणजे कागद संशयाने तपासला गेला, आकडा दुरुस्त झाला, आणि तरीही मेलेले मेलेलेच राहिले. ‘कोणी केले’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला सोडायचा नाही. तेव्हा मामांना उत्तर देण्याच्या भरात, तपासावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या पंगतीला बसवू नका.

दुसरी सनद

खोटी माणसे सापडतच नाहीत असे नाही, आणि हे मामांना आधीच मोकळेपणाने सांगावे. न्यूयॉर्कच्या हल्ल्यातून बचावलेल्यांच्या संघटनेची अध्यक्ष झालेली एक स्त्री २००७ साली उघडी पडली. ज्या कंपनीत नोकरी सांगितली तिच्याकडे नोंद नव्हती, आणि मृतांपैकी ज्याच्याशी लग्न ठरल्याचे ती सांगत असे त्याच्या घरच्यांनी तिचे नावही ऐकले नव्हते. कारकूनसाहेब म्हणतात तीच टेबले तिच्या आड आली.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये एका जोडप्याच्या नाचाचा व्हिडिओ तेथे मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा शेवटचा व्हिडिओ म्हणून फिरला, आणि ते जोडपे ‘आम्ही जिवंत आहोत’ असे सांगत समोर आले. आपल्यापैकी अनेकांनी तो कळवळ्यापोटी पुढे पाठवला असेल. पण नाकारणाऱ्यांना आयते कोलीत मिळते ते अशाच ठिकाणी.

हा प्रकार निरुपद्रवी नाही, एवढे मात्र मामांना सांगायलाच हवे. इंग्लंडमधील मँचेस्टरला २२ मे २०१७ रोजी स्फोटात बावीस जण मारले गेले. तो स्फोट बनावट होता असे सांगणारा एक माणूस अपंगत्व आलेल्या पीडितांच्या घरापर्यंत पोचला होता. २०२४ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला त्यांच्या छळाबद्दल दोषी धरले. अमेरिकेतील सँडी हूकच्या शाळेत २०१२ साली गोळीबारात वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. ते हत्याकांड बनावट आणि मृत मुलांचे पालक म्हणजे नट, असे सांगणाऱ्या अमेरिकी प्रसारक अॅलेक्स जोन्सला २०२२ साली कनेटिकटच्या ज्यूरीने ९६.५ कोटी डॉलरची भरपाई द्यायला लावली. आणि सीएसटीविषयी म्हणाल, तर कसाबच्या खटल्यात सहाशेहून अधिक साक्षीदार होते. त्यांतली एक लहान मुलगी कुबड्यांवर न्यायालयात आली आणि तिने त्याच्याकडे बोट दाखवले.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. टेबलांचा मुद्दा मी मामांना शब्दांत सांगितला नाही. आजोबांच्या अस्थी रामकुंडावर विसर्जित केल्या होत्या, तेव्हा आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद झाली होती. ती दाखवा म्हणून मामांना काल सकाळी त्यांच्याकडे घेऊन गेलो. गुरुजींनी लाल कापडातली लांबट वही सोडली आणि पाने उलटत गावाच्या नावावर बोट ठेवले. आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, तिथी, आणि खाली मामांची ऐन तिशीतली सही.

“आजोबांचा फोटो आपल्याकडे एकच आहे ना?” मी विचारले. मामा म्हणाले, “आहे, आणि तोही हललेला.” मग त्यांनी खिशातून भिंग काढले, सहीवर धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी सीएसटीविषयीचा संदेश त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला. न्यूयॉर्कचे व्हिडिओ अजून तसेच आहेत. त्या सूचीत नाव येण्यासाठी अर्ज कोणी करायचा असतो, असे मात्र त्यांनी रात्री फोन करून विचारले.