फौजेच्या डिसॅबिलिटी पेन्शनचं पहिलं अपील फेटाळलं, पुढं काय?

प्रश्न (अंबाजोगाई):
गावातले एक जवान फौजेत नाईक (हुद्दा) होते, 17 वर्षं सेवा करून आले. रिलीज मेडिकल बोर्डानं (सेवा सोडताना तपासणारं डॉक्टरांचं मंडळ) बीपीमुळं अपंगत्व 30 टक्के, कायमचं धरलं, पण ‘सेवेमुळे झालेलं नाही, बळावलेलंही नाही’ असा शेरा मारला. पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र दोन महिन्यांपूर्वी आलं. दुसरं अपील करावं का थेट ट्रिब्युनलला (सशस्त्र दल न्यायाधिकरण) जावं, म्हणायलेत.

उत्तर 1 (लातूर):
भाऊ, आधी दुसरं अपील. पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय). पोचपावती जपून ठेवा. पण बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत हातात आल्याशिवाय एक ओळही लिहू नका. नसेल तर माहिती अधिकारात मागवा, 10 रुपये फी. टक्क्यांवर भांडायचं कारण नाही, किमान 20 लागतात, ते आहेतच. भांडण फक्त त्या शेऱ्याचं. बीपीत बहुतेक वेळा ‘आजार पीस स्टेशनला (शांत भागातली छावणी) सुरू झाला’ एवढंच कारण देतात. तिथंच बोट ठेवा: त्याआधी फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेची नेमणूक), उंचावरचा भाग किंवा दहशतवादविरोधी मोहीम किती महिने झाली, तारखांसकट लिहा. नुसतं ‘देशसेवा केली, न्याय द्या’ लिहिलेलं अपील टिकत नाही, हे बघून फार वाईट वाटतं.

उत्तर 2 (छत्रपती संभाजीनगर):
वरचं बरोबर. त्यात धरमवीर सिंग खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल जोडा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं. संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं कारणं द्यायलाच हवीत. म्हणून भरतीचा वैद्यकीय अहवालही मागवा.

दुसरंही फेटाळलं तर मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण, आदेशापासून 6 महिन्यांत. अपिलावर 6 महिने उत्तरच आलं नाही, तरी जाता येतं. तिथं राउंडिंग-ऑफ (अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्याला धरणं) मागायला विसरू नका: राम अवतार निकालानुसार (2014) 30 चे 50 टक्के धरतात. उशीर मात्र महागात पडतो, थकबाकी सहसा अर्जाच्या मागच्या 3 वर्षांचीच मिळते.

प्रश्नकर्ता:
पोस्टिंगच्या तारखा कुठं मिळतील?

उत्तर 1:
बोर्डाच्या कागदांतच. सुरुवातीच्या भागात कुठं, कधीपासून कधीपर्यंत, पीस का फील्ड असा तक्ता असतो. डिस्चार्ज बुकाशी (सेवा सोडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) ताडून बघा. तारीख चुकली असेल तर अपिलातच तसं लिहा.