डेंग्यू निघाला, तरी मलेरियाची स्लाइड करा

आई: वन्सं, दादाचा रिपोर्ट आला. डेंग्यू एनएस-१ पॉझिटिव्ह. प्लेटलेट ८८ हजार. तापाचा आज तिसरा दिवस.

काका: चला, काय ते कळलं तरी. आता पाणी आणि आराम.

आत्या: मलेरियाची स्लाइड, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी बघतात ती तपासणी, केली का? रिपोर्टमध्ये दिसत नाही.

वहिनी: नाही केली आत्या. डेंग्यू निघालाय, आता परत कशाला टोचायचं, असं म्हणाले तिथले.

आत्या: आजच करून घ्या, उद्यावर टाकू नका. हा बारा दिवस फिरला, त्यातल्या चार रात्री नदीकाठी तंबूत होता. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, मलेरियाचा अॅनॉफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. याला दोन्ही चावले असू शकतात. आणि प्लेटलेट मलेरियातही उतरतात, त्यामुळे तो आकडा एकट्या डेंग्यूच्या नावावर टाकता येत नाही.

काका: पण एकाच माणसाला एकाच वेळी दोन?

आत्या: रोज दिसत नाही, पण होतं. एकाच रुग्णाच्या रक्तातून चिकुनगुन्या आणि डेंग्यू असे दोन्ही विषाणू मिळाल्याची नोंद १९६७ मध्येच छापून आली आहे. ते दोन्ही एडिसच पसरवतो. मी लॅबमध्ये इतकी वर्षं काढली. एका मुलाचा डेंग्यू पॉझिटिव्ह आला आणि सगळे तिथेच थांबले. चार दिवसांनी तो गुंगीत गेला तेव्हा स्लाइड झाली. फाल्सिपेरम होता, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. वाचला, पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत. फाल्सिपेरम एका दिवसातही गंभीर होऊ शकतो.

दादा: आत्या, मी मलेरियाच्या गोळ्या घेत होतो की. डॉक्सीसायक्लीन.

आत्या: परत आल्यावर किती दिवस घेतल्यास?

दादा: आलो त्या दिवशी बंद केल्या. नऊ दिवस झाले.

आत्या: अरे, त्या परतल्यावर चार आठवडे घ्यायच्या असतात. परजीवी आधी यकृतात वाढतात, मग रक्तात उतरतात. ही गोळी त्यांना मुख्यतः रक्तात गाठते. ते उतरायच्या आत गोळीच बंद झाली तर काय उपयोग? तुला रागवत नाहीये. आता डॉक्टरांना हे सगळं तारखांसकट सांग.

बाबा: त्याचे सांधे फार दुखतायत. मनगटं वळत नाहीत. आयबुप्रोफेन देऊ का?

आत्या: अजिबात नको. अॅस्पिरिनही नको. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. पण मनगटाचं सांगितलंत ते बरं केलंत. सांधे इतके धरले असतील तर चिकुनगुन्याही बघायला हवा. पहिल्या आठवड्यात त्याची पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करतात, अँटिबॉडी दिसायला वेळ लागतो. नेमकं इथेच दोन आजार एकमेकांच्या आड येतात. चिकुनगुन्या समजून वेदनाशामक द्यावं, तर आत डेंग्यू असतो.

काका: मग पाणी तरी भरपूर पाजायचं ना?

आत्या: तोंडाने पिऊ दे. सलाइनचं मात्र आपण ठरवायचं नाही. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो म्हणून ते जपून भरून काढावं लागतं, आणि गंभीर मलेरियात जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी होतं. म्हणून तर दोन्ही आहेत की नाहीत हे आधी कळायला हवं.

वहिनी: ताप उतरला की घरीच ठेवलं तर चालेल?

आत्या: डेंग्यूत ताप उतरतानाचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा तळमळ, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. मला फोन करायलाही थांबू नका. आणि त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपव.

वहिनी: दिवसा?

आत्या: हो. पहिल्या आठवड्यात त्याच्या रक्तात विषाणू असतो. एडिस त्याला चावला की तो डास पुढे तुम्हाला देऊ शकतो. २००७ मध्ये इटलीत रावेन्नाजवळ एका प्रवाशापासून चिकुनगुन्या पसरला आणि २००हून जास्त लोक आजारी पडले.

(संध्याकाळी)

आई: स्लाइड निगेटिव्ह! वन्सं, सुटले बाई.

आत्या: एका स्लाइडवर सुटका नाही गं. परजीवी कमी असले तर दिसत नाहीत. १२ ते २४ तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. मला माहीत आहे तो टोचून घ्यायला कंटाळलाय.

दादा: करतो आत्या.

(दुसऱ्या दिवशी)

वहिनी: दुसऱ्या स्लाइडमध्ये मलेरिया निघाला, व्हायवॅक्स प्रकारचा. चिकुनगुन्याची पीसीआर निगेटिव्ह. आत्या, अॅडमिट करून घेतलंय. माझे हात थरथरतायत.

आत्या: बरं झालं वेळेवर निघाला. आता एवढं विचार: प्रायमाक्वीनची गोळी सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी झाली का? व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी परत ताप आणतात. त्यांच्यासाठी ती गोळी लागते, पण ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात.

वहिनी: विचारलं. रक्त पाठवलंय, रिपोर्ट आल्यावरच देणार म्हणाले.

आत्या: छान. मी निघालेय. रात्री मी बसते त्याच्याजवळ, तू झोप.