ब्रश कटर : दोरी, पातं की साखळी?

मुळशीकर : ब्रश कटर म्हणजे गवत-झुडपं कापायचं मशीन, आणि हेड म्हणजे त्याच्या टोकाला फिरणारा कापायचा भाग. कालच्या धाग्यात कुणीतरी बिनधास्त लिहिलंय, 'नायलॉनचं हेड फेका, साखळीचं लावा, पावसाळाभर बघायला नको.' वाचून राहवलं नाही. साखळीची कडी निसटली तर समोरचा माणूस जातो. असल्या हेडवर युरोपीय संघाने २०१२ सालीच बंदी घातली, आणि इथे लोक ती सुचवतायत!
हेड बदलताना किमतीआधी आटे बघा. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला एम-१०चे (१० मिमी जाडीचे) डावे, म्हणजे उलटे फिरणारे आटे असतात. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा निघाला तर दोन वेढ्यांत अडकतं, जोर लावलात की शाफ्टचे आटे गेले. जुनं हेड सोबत घेऊनच दुकानात जा. नायलॉनची दोरी मशीनला झेपेल तेवढीच जाड, २.४ किंवा ३ मिमी. जाड घातली की इंजिन गुदमरतं, क्लच तापतो.

बांधावरून : साखळीची बाजू मीही घेणार नाही. पण दोरीने घाणेरी कापून दाखवा. आमच्याकडे तीन दातांचं पातंच लागतं. दोरी आत वितळून चिकटते, मग भर उन्हात स्पूल (हेडमधलं दोरीचं रीळ) उकलत बसायचं.

मुळशीकर : वेढे एकमेकांवर आडवे चढले की चिकटते. नीट गुंडाळा, आदल्या रात्री पाण्यात भिजवा, कडक पडत नाही. आणि दगडावर पातं बसलं की मशीन कसा हिसका देतं, ठाऊक आहे ना?

कोथरूडची काकू : आमच्या सोसायटीत माळ्याने पार्किंगलगत पातं चालवलं, खडा उडून गाडीची काच गेली. १५ मीटरच्या आत कुणी नको, हे सांगायचं कुणी? शिवाय सगळे फुललेलं गाजरगवत कापतात! बुंध्यातून परत फुटतं, बी पसरतं ते वेगळंच. फुलण्याआधी मुळासकट उपटा.

बांधावरून : उपटायला माणसं तुम्ही पाठवणार का? मजूर मिळत नाहीत, मिळाले तर अंगाला खाज सुटते म्हणून हात लावत नाहीत.

कोथरूडची काकू : मग दोरीने उडालेला चोथा अंगावर बसतो त्याने खाज सुटत नाही? माझ्या भावाचे हात-मान दर पावसाळ्यात सोलवटतात. १९५५च्या सुमारास हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, आणि अजून आपण कापतच बसलोय!

मुळशीकर : काकू, धागा हेडचा आहे.

कोथरूडची काकू : कापायचं काय हेच ठरलं नाही, तर हेड कशाला निवडताय?

बांधावरून : बरं, रस्त्याकडेला आणि घराजवळ दोरी लावीन, एवढं मान्य. घाणेरीला पातंच. गाजरगवत ओल्या जमिनीत उपटून बघतो, हातमोजे घालून. पण चार एकरांचा बांध आहे, काकू. तुमचं पार्किंग नाही.