पहिला एमआरआय स्वच्छ आला तरी

रक्तातलं कमी झालेलं सोडियम भरभर वाढवलं गेलं, तरी ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे सोडियमने मेंदूला काही केलं नाही’ असं एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. जळगावच्या आमच्या मामांचं सोडियम मे महिन्यात फार खाली, १०८ वर आलं होतं (खानदेशातलं ऊन, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी). सलाईनवर दीड दिवसात १३० झालं, मामा बोलायलाही लागले. चौथ्या दिवशी जीभ जड, घास गिळता येईना. तेव्हाचा एमआरआय स्वच्छ! पंधरा दिवसांनी परत काढला तर पॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, मधोमध पांढरा डाग.

सोडियम भरभर वाढलं की मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. एमआरआयच्या टी-२ नावाच्या चित्रात ते दिसायला २ ते ४ आठवडेही लागू शकतात, डिफ्युजन या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात कधीकधी आधी दिसतं. म्हणूनच सोडियम २४ तासांत साधारण ८-१० अंकांच्या वर वाढू देत नाहीत.