आज्ञा पाठ आहेत, पण प्रश्न आला की पुस्तिका गप्प. धर्मशिक्षण कसं घ्यावं?

वणीकडची_ताई:
आमच्या गावात कॅथलिक घरं थोडी. फादर महिन्यातून एकदा मिस्साला (मुख्य उपासनेला) येतात, बाकी रविवारी मुलांचा वर्ग मी घेते. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदाच मिस्सातली पवित्र भाकर घेणार असलेली, मुलं दहा आज्ञा घडाघडा म्हणतात. परवा त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, रविवार पवित्र पाळाचा, मंग माही आई कापूस वेचाले जाते, ते पाप व्हय का?" प्रश्नोत्तरांच्या जुन्या पुस्तिकेत अशा प्रश्नाला जागाच नाही. नव्या पुस्तकात चित्रं, खेळ, गोष्टी आहेत, मुलं रमतात. पण प्रार्थना तोंडी बसत नाहीत. कोणती पद्धत धरू?

जुना_धर्मशिक्षक (अचलपूर):
आधी त्या पोरीले सांगा, तुह्या आईनं पाप नाही केलं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २१८५ मध्ये लिवलं हाय: भक्तीच्या अन् विसाव्याच्या आड येणारं काम टाळा, पण घरची गरज हे रास्त कारण हाय. त्याची सवय मात्र होऊ नये. वेचणीच्या दिवसांत मजुराच्या घरी रविवार कोणाले परवडते?

पाठांतर सोडू नका बाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी (१९६२-६५ मधली जगभरच्या बिशपांची सभा) मिस्सा लॅटिनमध्ये होती. माह्या बापाले समजत त्या फक्त मराठी प्रार्थना, अन् त्याले वाचता येत नव्हतं. पाठ नसत्या तर त्याच्यापाशी काहीच उरलं नसतं.

सिस्टर_नागपूर:
इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण', म्हणजे बायबलच्या गोष्टींचं मराठी काव्य, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. सगळं ओवीत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडी बसेल असं. आणि त्यात नवख्रिस्ती श्रोते पाद्रींना मध्येच शंका विचारतात, ते उत्तर देतात. चारशे वर्षांपूर्वी मराठीत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, ताई! त्या मुलीच्या प्रश्नापासूनच वर्ग सुरू करा, त्यावर बोला, मग रविवारची ती तिसरी आज्ञा म्हणून घ्या. हरिपाठ कानावर पडलेली मुलं आहेत, चालीवर लवकर धरतील.

आणि हे काम हलकं समजू नका. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाची सेवा चर्चमध्ये रीतसर स्थापन केली, ती तुमच्यासारख्या प्रापंचिकांसाठीच.

वणीकडची_ताई:
मास्तर, सिस्टर, मनापासून आभार. वेचणी संपेपर्यंत वर्ग संध्याकाळी ठेवते, म्हणजे त्या मुलीची आईही येऊन बसेल. परिच्छेद तिलाच वाचून दाखवायचा आहे. दहा आज्ञा ओवीच्या चालीवर कुणाकडे असतील तर इथे टाका.